जांभ्याच्या मातीत बटाटा: ताग कधी गाडायचा?

कोकणात बटाट्यासाठी हिरवळीचं खत (हिरवं पीक वाढवून मातीत गाडणं) करायचं असेल तर ताग किती पेरला यापेक्षा तो कधी गाडला, याला जास्त महत्त्व आहे. यंदाचा बटाटा काढून झाल्यावर हे मी बऱ्यापैकी खात्रीने म्हणू शकते. परसबागेत बटाटा लावणाऱ्या मंडळींना उपयोग होईल म्हणून सविस्तर लिहिते.

जागा दापोली तालुक्यातली. घरामागच्या परड्यातला गुंठाभर तुकडा, एका टोकाला भाताच्या खाचराला टेकलेला. माती तांबडी, जांभ्याची. कोकणात बटाटा होत नाही असं सर्रास म्हणतात. व्यापारी शेतीच्या दृष्टीने ते बरोबरही असेल, कारण बटाटा पोसायला रात्री थंड लागतात. रात्रीचं तापमान २० अंशांच्या वर राहिलं की वर पाला वाढत राहतो आणि खाली कंद धरत नाहीत. दापोलीला मिनी महाबळेश्वर म्हणतात ते आमच्या पथ्यावर पडतं. डिसेंबर-जानेवारीत पहाटे चांगला गारठा असतो. पण हा गारठा थोडे दिवसच टिकतो. नोव्हेंबरच्या मध्यात लागवड आणि फेब्रुवारीत काढणी, यापलीकडे ताणायला वाव नाही. पुढचं सगळं गणित या आखूड थंडीवर बसलेलं आहे.

आता मातीबद्दल. आमच्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि जवळजवळ सगळा चार महिन्यांत. एवढं पाणी मातीतून झिरपलं की कॅल्शियम, मॅग्नेशियम, पालाश (पोटॅश) धुऊन जातात आणि माती आंबट होते. जांभ्याच्या मातीतली चिकणमाती केओलिनाइट जातीची, तिची अन्नद्रव्यं धरून ठेवायची ताकद मुळातच कमी. स्फुरदाची (फॉस्फरसची) तऱ्हा वेगळी. ते वाहून जात नाही, लोह आणि ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडांना चिकटून बसतं. मातीत असतं, पण मुळांना मिळत नाही. माझ्या माती परीक्षणात सामू (पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप) ५.४ आला, सेंद्रिय कर्ब चांगला, स्फुरद कमी, पालाश मध्यम. परीक्षण करून घेणाऱ्यांनी प्रयोगशाळेत एक गोष्ट आवर्जून विचारावी: स्फुरद कुठल्या पद्धतीने मोजलं? आंबट मातीला ब्रे पद्धत लागते. ओल्सेन पद्धत विम्लधर्मी (अल्कधर्मी) मातीसाठी आहे, आपल्या मातीत ती नीट अंदाज देत नाही.

५.४ सामू बघून लगेच चुना आणायला धावू नये. बटाट्याला ५ ते ६ सामू मानवतो. उलट माती विम्लतेकडे झुकली की स्कॅब, म्हणजे सालीवर खरबरीत खपल्या धरण्याचा रोग, बळावतो. इतर भाज्यांना आपली माती आंबट पडते, बटाट्याला तीच सोयीची. कॅल्शियम मात्र कमी पडतं, ते मी जिप्सममधून देते. गुंठ्याला तीन-चार किलो. जिप्समने कॅल्शियम आणि गंधक मिळतं, सामू हलत नाही.

आता मूळ मुद्दा. हिरवळीच्या खताचा नेहमीचा सल्ला असा: जूनमध्ये ताग किंवा धैंचा पेरा, सहा-आठ आठवड्यांनी फुलोऱ्यावर आला की गाडा. भातासाठी किंवा देशावरच्या पिकांसाठी हे ठीक आहे. पण आमचा बटाटा लागतो नोव्हेंबरात. ऑगस्टच्या सुरुवातीला गाडलेला कोवळा ताग उबदार, ओल्या मातीत दोन-तीन आठवड्यांत कुजतो, त्यातलं नत्र (नायट्रोजन) नायट्रेटच्या रूपात मोकळं होतं आणि ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंतचा मघा, पूर्वा, उत्तरा, हस्ताचा पाऊस ते खाली घेऊन जातो. बटाट्याचं बेणं जमिनीत पडेपर्यंत अडीच-तीन महिन्यांचं पाणी त्या मातीतून गेलेलं असतं. हवेतलं नत्र तागाने कष्टाने बांधायचं आणि आपण ते ओढ्याला द्यायचं!

हे अंदाजाने बोलण्यापेक्षा बघावं, म्हणून यंदा तुकड्याच्या तीन पट्ट्या केल्या. पहिल्या पट्टीत जूनचा ताग ऑगस्टमध्ये गाडला आणि पुढे जमीन मोकळी ठेवली. दुसरीत जूनचा ताग कापून जागेवरच आच्छादन म्हणून पसरला आणि मघा लागल्यावर त्यातच फटी करून पुन्हा ताग आणि थोडी चवळी पेरली. तिसरी, खाचराच्या बाजूची, तिथे पाणी साचतं. ताग पाय बुडलेले सहन करत नाही, म्हणून तिथे धैंचा टाकला.

उशिरा पेरलेल्या तागाची एक खोड ध्यानात ठेवा. दिवस लहान होऊ लागले की तो लवकर फुलावर येतो. जूनचा ताग माझ्या डोक्यावर गेला होता, मघाचा जेमतेम कंबरेला लागला. म्हणून दुसऱ्या पेरणीला बी दाट टाकावं. एरवी गुंठ्याला ५००-६०० ग्रॅम पुरतं, मी त्याच्या दीडपट टाकलं. दाट पेरलं की खोडं बारीक राहतात आणि कोयत्याने तुकडे करताना हाताला त्रास होत नाही.

शेजारचे भाऊकाका कुंपणापाशी उभे राहून बघत होते. म्हणाले, "काय गं, दोर वळायचेत की जाळं विणायचंय?" नायलॉन येण्याआधी इथल्या कोळ्यांची जाळी तागाच्या सुताची असत, त्यामुळे ताग म्हणजे दोर हे त्यांच्या डोक्यात पक्कं. मी एक रोप मुळासकट उपटून त्यांच्या हातावर ठेवलं. मुळांवर मोहरीपासून मुगाएवढ्या गाठी होत्या, काही ठिकाणी दोन-तीन एकत्र चिकटून पंज्यासारख्या झालेल्या. नखाने एक फोडली. आत गुलाबी-लाल. हा रंग दिसला की समजावं, जिवाणू कामाला आहेत आणि नत्र बांधलं जातंय. गाठ आतून हिरवट किंवा करडी निघाली तर तिचं काम संपलेलं असतं. चवळी, कुळीथ, ताग यांना एकाच गटातले जिवाणू चालतात, त्यामुळे ज्या परड्यात कुळीथ होत आलेत तिथे तागाच्या बियाला वेगळं कल्चर चोळायची फारशी गरज पडत नाही. धैंच्याचे जिवाणू वेगळे, त्याला मात्र नवीन जागेत कल्चर लावावं.

तागाचा आणखी एक फायदा म्हणजे मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमींची संख्या तो कमी करतो. चवळीवर मात्र हे सूत्रकृमी पोसतात. ज्यांच्या भेंडी-वांग्याच्या मुळांना गाठी येतात त्यांनी चवळी टाळून नुसता ताग घ्यावा. (तागाच्या मुळावरच्या गाठी सहज खुडून निघतात, सूत्रकृमीची गाठ म्हणजे मूळच सुजलेलं असतं. दोन्हींत घोळ करू नका.) आणि वांगी, टोमॅटो, मिरचीनंतर लगेच त्याच जागी बटाटा नको. मर रोगाचे जिवाणू या सगळ्यांना सामाईक आहेत आणि आपली उबदार, आंबट माती त्यांना फार आवडते.

हस्ताचा पाऊस सरला, चित्रा लागली, तेव्हा दुसरी पट्टी कापली. दोन दिवस पाला सुकू दिला, मग कुदळीने वरच्या पाच-सहा इंचांतच मिसळला. खोल गाडू नये, खाली हवा कमी पडते आणि पाला नीट कुजत नाही. कुंपणाच्या गिरिपुष्पाच्या फांद्याही छाटून त्यात टाकल्या. गिरिपुष्पाचा पाला नत्राने समृद्ध आणि पटकन कुजणारा, तागाच्या निबर खोडांना तो सोबत हवाच. तिथून लागवडीपर्यंत चार आठवडे मिळाले. तीन आठवड्यांपेक्षा कमी अंतर ठेवलं तर अर्धवट कुजणाऱ्या पाल्याच्या उष्णतेत बेणं सडण्याची भीती असते.

बेणं कुफरी सूर्याचं मिळवलं. ही जात उष्णता सोसणारी आहे, कोकणात करून बघायचं तर हीच निवडावी. अंड्याहून लहान, अखंड बेणं लावलं. आपल्या दमट हवेत कापलेल्या फोडी कुजायला वेळ लागत नाही.

खतांचा हिशेब गुंठ्यावर आणला की सोपा होतो. महाराष्ट्रात बटाट्याला हेक्टरी १०० किलो नत्र, ६० किलो स्फुरद, १२० किलो पालाश ही मात्रा नेहमी सांगितली जाते. हेक्टर म्हणजे ढोबळमानाने १०० गुंठे, तेव्हा गुंठ्याला १ किलो नत्र, ६०० ग्रॅम स्फुरद, १.२ किलो पालाश. म्हणजे दोन किलोंच्या थोडा वर युरिया, पावणेचार किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि २.४ किलो सल्फेट ऑफ पोटॅश. म्युरिएट ऑफ पोटॅश स्वस्त पडतं, पण त्यातल्या क्लोराइडने बटाटा पाणचट होतो, म्हणून मी सल्फेटच घेते. स्फुरद सगळीकडे न फेकता चाळलेल्या शेणखतात कालवून सरीत बेण्याखाली दिलं. शेणखत पूर्ण कुजलेलंच हवं. कच्च्या शेणाबरोबर हुमणी (मुळं-कंद खाणारी अळी) येते आणि स्कॅबलाही निमित्त मिळतं. पालाश दोन हप्त्यांत दिलं, निम्मं लागवडीला, निम्मं रोपांना मातीची भर लावताना.

नत्राचा हात मात्र हिरवळीच्या पट्टीत आखडता घेतला. चांगला वाढलेला ताग हेक्टरी ६० ते ९० किलो नत्र देतो असं धरतात. माझा ताग आखूड होता आणि पहिल्या पिकाला त्यातलं निम्मंच मिळेल असं धरून युरिया तिसऱ्या हिश्श्याने कमी केला. इथे लोभ करू नये. नत्र जास्त झालं की बटाटा पाल्यातच रमतो आणि कंद धरायला उशीर करतो. देशावर तो उशीर पुढे भरून निघत असेल. आपल्याकडे फेब्रुवारीचं ऊन कोणासाठी थांबत नाही.

भाऊकाकांचा आग्रह राखेचा. "बटाट्याला राखेसारखं दुसरं काही नाही," असं ते ठासून सांगतात आणि पालाशाच्या बाबतीत त्यांचं खरं आहे, राखेत पालाश भरपूर. पण राख चुन्यासारखी सामूही चढवते. भाजावळीचा राब (पाला-शेण पसरून जाळणं) झालेल्या जागी तर ती आधीच बरीच असते. मी सरीत राख टाकली नाही. त्यांचा मान राखून बांधावरच्या भोपळ्याला घातली, तो खूश आहे.

धैंच्याच्या पट्टीत वेगळाच प्रकार केला. धैंचा कापून जमिनीवर तसाच पसरला, नांगरट नाही की खणणं नाही. ओल्या जमिनीवर बेणं ठेवलं, भोवती शेणखत आणि खत टाकलं आणि वर वीतभर जाडीचा भाताचा पेंढा अंथरला. भातानंतरच्या ओलीवर असा बटाटा पूर्व भारतात आणि बांगलादेशात करतात. जानेवारीत पेंढा हळूच बाजूला सारून बघितलं तर पांढऱ्याशुभ्र देठांच्या टोकांना बोराएवढे कंद लागलेले, साल इतकी पातळ की बोट लागलं तरी निघावी. पुन्हा झाकून टाकलं. या पट्टीत पाणी सर्वांत कमी लागलं. मात्र पेंढा जिथे बसून पातळ झाला तिथले बटाटे उजेडाने हिरवे पडले. ते खायचे नाहीत, त्यात सोलानिन असतं. पेंढ्याचा दुसरा थर महिन्याभरात द्यायलाच हवा. साळिंदरांसाठी कुंपणाला खालून जाळी लावावी लागते, ती सगळ्याच पट्ट्यांना.

फरक कुठे दिसला ते सांगते. भर लावायच्या वेळी पहिल्या पट्टीचा पाला फिकट होता, खालची पानं पिवळी. तिथे युरियाचा दुसरा हप्ता पूर्ण द्यावा लागला. दुसरी पट्टी कमी युरियातही गडद हिरवी राहिली आणि कुदळ मारली की ढेकळं हातात भुगा होत होती, जागोजागी गांडुळं. काढणीला दुसऱ्या पट्टीत माल जास्त निघाला आणि आकारही एकसारखा. पेंढ्यातला बटाटा संख्येने कमी पण धुतल्यासारखा स्वच्छ. एका हंगामावर आणि गुंठाभर जागेवर फार मोठा दावा करणं बरं नव्हे, पण पाल्याच्या रंगातला फरक डावीकडून उजवीकडे चालत जाताना कोणालाही दिसला असता. भाऊकाकांनीही न विचारता सांगितला.

आता काढणीनंतरची जमीन भुसभुशीत आणि उघडी आहे. उतारावर अशी जमीन पहिल्या वळवातच वाहून जाते, म्हणून सगळ्या गुंठ्यावर पातेरा (गळलेला पालापाचोळा) आणि उरलेला पेंढा पसरलाय. मृगात पहिल्या दोन पट्ट्यांत ताग आणि खाचराकडच्या पट्टीत पुन्हा धैंचा पेरणार आणि त्याच वेळी रॉक फॉस्फेट घालणार. आंबट मातीत ते हळूहळू विरघळतं, तागाने उचललं की पाल्यातून बटाट्याला मिळेल. मघाची पेरणी येत्या पावसात दोन पट्ट्यांत करेन, एकीत नुसता ताग, दुसरीत ताग आणि कुळीथ. खालच्या पानांच्या शिरांमधला भाग पिवळा पडताना दिसला होता, ते मॅग्नेशियमचं लक्षण वाटतं, म्हणून एका सरीत थोडं डोलोमाइट देऊन बघेन. गुहागर-मालवणकडे पुळणीच्या वाळूमिश्रित मातीत कोणी बटाटा लावला असेल तर हिरवळीचं खत कुठल्या नक्षत्रात गाडलंत आणि पालाश किती हप्त्यांत दिलंत ते जरूर कळवा. वाळूत तर अन्नद्रव्यं याहूनही लवकर निसटत असणार.