पेडल तर कडक होतं

चैत्रातली गडाची यात्रा म्हणजे आमच्या दिंडोरी रोडच्या गॅरेजवाल्यांना जेवायलाही सवड नसते. त्या गर्दीतच ती पिकअप टोचन लावून आली. एका बाजूचा पत्रा पुढून मागेपर्यंत खरवडलेला. सप्तशृंग गडावरून नांदुरीकडे उतरताना ब्रेक लागेना, म्हणून ड्रायव्हरनं ती डोंगराकडच्या चारीत घातली. मागे माणसं होती. माल वाहायच्या गाडीत माणसं का, हे यात्रेत कुणी विचारत नाही. एका मावशींचा हात मोडला, बाकीचे खरचटण्यावर सुटले.

मी पेडल दाबलं. कडक! मिनिटभर दाबून धरलं, जराही खाली सरकलं नाही; म्हणजे पेडलचा जोर ऑइलवर देणाऱ्या मास्टर सिलिंडरचे रबर कप ठीक.

गाडीचे मालक शेठ म्हणाले, "बघा! डुलकी लागली असेल, नाव ब्रेकचं."

ड्रायव्हर पोरगा विशीतला. "मिस्तरी, आईची शपथ, पाय तळाला टेकला होता. पंपिंग केलं, तरी काहीच नाही."

खरं सांगतो, मलाही तो खोटा वाटला. गाडी ठोकली की 'ब्रेक फेल झाले' म्हणणारे मी पुष्कळ पाहिलेत.

तरी चाकं उतरवली. होजपाइप कोरडे, व्हील सिलिंडर कोरडे, म्हणजे गळती नाही; डबीत ऑइल पुरेसं, ड्रमला घासून चाक थांबवणारे लायनर निम्म्याहून जास्त शिल्लक. पण मागचे ड्रम आतून निळसर पडलेले आणि लायनरवर काचेसारखी चकाकी. भयंकर तापले होते.

"न्यूट्रलला सोडली होतीस?"

तो गप्प. शेठच बोलले, "उतारावर डिझेल वाचतं. मीच सांगितलंय सगळ्या पोरांना."

गिअर नाही म्हणजे इंजिन गाडी धरत नाही, सगळा भार ब्रेकवर. पण तेवढ्यानं पाय तळाला जात नाही. ऑइल काढायचं निप्पल सैल केलं, तर कोऱ्या चहासारखं ऑइल आलं. ऑइलमधलं पाणी दाखवणारा टेस्टर बुडवला, लाल दिवा. ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढून घेतं, म्हणून दोनेक वर्षांनी बदलायचं असतं. डॉट ३ या दर्जाचं नवं ऑइल २०५ अंशांपर्यंत तरी उकळायला नको, त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की ते १४० च्या आसपासही उकळू शकतं. उकळलं की नळीत वाफ. ऑइल दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते. पाय दाबतोय ती वाफ, चाकापर्यंत जोर पोचतच नाही. गाडी उभी राहून थंड झाली की वाफेचं पुन्हा पाणी, पेडल पुन्हा कडक. पोरगा खरंच बोलत होता.

या गाडीचे लायनर दिवाळीत मीच टाकले होते. ऑइल तेव्हाच काळपट दिसलं होतं. मी म्हणालो, "शेठ, बदलून टाकू." शेठ म्हणाले, "चालतंय ना? मग वरून भरा." मी भरलं. आमच्या धंद्यात असंच चालतं: लायनरला गिऱ्हाईक पैसे देतं, कारण जुने हातात घेऊन दाखवता येतात.

जाताना शेठ म्हणाले, "ब्रेकमध्ये दोष नव्हता असं लिहून द्या." नाही दिलं. बिलात ड्रम, लायनर, ब्रेक ऑइल एवढंच लिहिलं. ऑइल का बदललं, ते लिहिलं नाही.

पोराला शेठनं त्याच आठवड्यात काढलं. तो नंतर दोनदा गॅरेजवरून गेला. मी हाक मारली नाही.