गाँटलेट बघायचा तर उलटा करून बघा

चिलखत म्हटलं की सगळ्यांचं लक्ष आधी शिरस्त्राणाकडे जातं, मग छातीच्या पत्र्याकडे, आणि गाँटलेट, म्हणजे हाताचे पोलादी मोजे, असतात तसे बाजूला लटकत. मला विचाराल तर कारागीर किती पाण्यात आहे हे बघायचं तर सरळ हाताकडेच बघावं. छातीचा पत्रा कितीही देखणा असला तरी त्याला फारसं हलायचं नसतं हो. हाताला मात्र तलवार पेलायची असते, लगाम सांभाळायचा असतो, मनगट चारी बाजूंनी फिरवायचं असतं आणि एवढं करून मार पण पहिला त्यालाच बसतो कारण लढताना तोच सगळ्यात पुढे असतो.

मुळात अडचण काय आहे ते समजून घ्यायला एक दोरा घ्या. हात सरळ ठेवून मनगटापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, हाताच्या पाठीवरून माप घ्या, मग घट्ट मूठ वळून तेच माप परत घ्या. बराच जास्त दोरा लागतो! म्हणजे पत्रा बनवायचा तो मिटलेल्या मुठीच्या मापाने, आणि बोटं सरळ केली की तेवढेच पत्रे एकमेकांखाली गपचूप सरकले पाहिजेत, मध्ये कुठे फट दिसता कामा नये नाहीतर पात्याचं टोक नेमकं तिथेच घुसणार. त्यात परत बोटांच्या मुळांचे सांधे काही एका सरळ रेषेत नसतात, करंगळीचा मागे, मधल्या बोटाचा पुढे, त्यामुळे पत्र्याच्या सरळ पट्ट्या कापून एकापुढे एक ठेवल्या की झालं, असं होत नाही. म्हणून आजही गाँटलेट बनवणारे लोक आधी पुठ्ठ्याचा नमुना करतात आणि मगच पत्र्याला हात लावतात.

आता उलटा करून बघा म्हणतोय ते यासाठी. बाहेरून जे एकसंध पोलाद दिसतं ते आतून बहुतेक चामड्यावर चालतं. बोटावरचे छोटे छोटे खवले चामड्याच्या पट्टीवर रिव्हेटने, म्हणजे टोक ठोकून चपटं केलेल्या खिळ्याने, बसवलेले असतात, ती पट्टी मागे बोटांच्या मुळावरच्या पत्र्याला अडकवलेली आणि पुढे आतल्या हातमोज्याच्या बोटाला शिवलेली. तळहाताला पोलाद नाहीच, नुसतं चामडं, कारण तलवारीची मूठ नीट पकडायची तर तिथे लोखंड चालत नाही. हाताच्या पाठीवरच्या आडव्या पट्ट्या मात्र दोन्ही कडांना रिव्हेटने थेट एकमेकींना जोडलेल्या असतात. चिलखतात सरकत्या रिव्हेटची पण एक युक्ती असते, एका पत्र्याला गोल भोक आणि दुसऱ्याला लांबट खाच, म्हणजे रिव्हेट त्या खाचेत पुढेमागे सरकतो आणि पत्रा नुसता फिरत नाही तर घसरतो पण. रिव्हेट जास्त ठोकला की सांधा जाम, कमी ठोकला की खुळखुळा. हा अंदाज हातालाच असावा लागतो, पुस्तक वाचून येत नाही.

चामडं सहसा शेकडो वर्षं टिकत नाही, त्यामुळे म्युझियममध्ये बऱ्याचदा आतलं चामडं नंतर घातलेलं तरी असतं किंवा नसतंच, आणि आपल्याला वाटतं की हे किती अवघड असणार घालायला. पण साधारण अर्धा किलोच्या आसपास वजन असतं हो एकाचं, थोडं इकडेतिकडे.

अंगठ्याबद्दल मात्र मी तासभर बोलू शकतो. बाकीची चार बोटं एकाच दिशेने मिटतात, हा पठ्ठ्या मात्र आडवा येऊन सगळ्यांना भिडतो. म्हणून त्याचे खवले वेगळ्या पत्र्यावर आणि तो पत्रा बिजागरीने किंवा चामड्याने मुख्य पत्र्याला जोडलेला. स्वस्तातल्या नकली गाँटलेटमध्ये गडबड होते ती नेमकी इथेच, अंगठा एकतर ताठ उभा राहतो किंवा तलवारीच्या मुठीवर बसतच नाही.

मग बोटं वेगळी ठेवायची का सगळी एकत्र झाकायची? पंधराव्या शतकात जर्मन गाँटलेटमध्ये टोकदार, नक्षीदार वेगळी बोटं भरपूर दिसतात, इटलीतले मिलानवाले मात्र बोटं एकत्र झाकणारा मिटन पसंत करायचे. १५०० च्या पुढे जर्मन सम्राट मॅक्सिमिलियनच्या नावाच्या धाटणीची, पत्र्यावर उभ्या कडा उठवलेली चिलखतं आली त्यात पण मिटन खूप आहेत. त्या उभ्या कडा नुसती शोभा नाही बरं का, पातळ पत्र्याला त्यांनी ताठरपणा येतो. मिटनमध्ये एका बोटावर बसलेला घाव चौघांत वाटला जातो, म्हणून मी आपला मिटनच्या बाजूचा. पण घोडेस्वारांच्या हातात पिस्तूल आल्यावर चाप ओढायला बोट मोकळं लागणारच की.

टूर्नामेंटसाठी, म्हणजे सरदारांच्या लढतीच्या खेळांसाठी, तर आणखी गमती होत्या. एका प्रकारात बोटांवरचे पत्रे इतके लांब असायचे की मूठ मिटली की ते वळून मनगटापाशी येऊन खिळ्याला अडकायचे, म्हणजे हातातलं शस्त्र पडायची भीतीच नाही. नंतरच्या काळात कुणीतरी पसरवलं की हा प्रकार नियमाने बंद होता, पण मग मोठमोठ्या कारखान्यांनी राजेलोकांच्या चिलखताच्या सेटमध्ये तो कशाला बनवला असता?

पोलादाचं म्हणाल तर त्याच मॅक्सिमिलियनने ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकला दरबारी कारखाना काढला १५०४ मध्ये, कॉनराड झॉयझनहोफर या चिलखत-कारागिराच्या हाताखाली, तिथली चिलखतं पोलादाला नीट पाणी देऊन कडक केलेली. पण सोन्याचा मुलामा हवा असेल तर पारा घालून तापवावं लागतं आणि त्या उष्णतेने कडकपणा उतरतो. दिखावा की बचाव, दोन्ही साधणं कठीणच.

गंमत म्हणजे त्याच १५०४ मध्ये जर्मनीतल्या लँड्सहूटच्या वेढ्यात गॉट्झ फॉन बर्लिशिंगेन नावाच्या जर्मन सरदाराचा उजवा हात तोफगोळ्याने गेला. त्याने नंतर लोखंडी हात करून घेतला, दुसऱ्या हाताने बोटं वाकवायची, आतल्या दातेरी चाकांनी ती तशीच अडकून राहायची आणि बटण दाबलं की सुटायची. याक्स्टहाउझनच्या किल्ल्यात तो अजून ठेवलेला आहे.

आणि मिटन की बोटं हा वाद अजून संपलेला नाही. आजकाल जुन्या पद्धतीची लाँगस्वोर्ड, म्हणजे दोन हातांनी धरायची लांब तलवार, शिकणारे लोक प्लास्टिक आणि फोमचे जाडजूड ग्लव्ह्ज घालतात, त्यांच्यात पण दोन पार्ट्या आहेत, मिटनवाले म्हणतात बोटं शाबूत राहतात आणि पाच बोटांवाले म्हणतात तलवार नीट धरताच येत नाही. माझी पार्टी कुठली ते वर सांगितलंच आहे.