केस कापलेला विद्यार्थी

अमृतसरला पगडी बांधायला शिकवणारे क्लास चालतात आणि त्यातला एक माझा आहे, हे नांदेडच्या माझ्या मावशीला अजून पटत नाही. "बापाने शिकवायची गोष्ट, तिची फी कसली घेता रे?" आम्ही दखनी शीख. 1708 साली दहावे गुरू गोविंदसिंगजी जिथे ज्योतिज्योत समावले, म्हणजे त्यांनी देह ठेवला, त्या हजूर साहिबच्या आसपासच वाढलो, मराठीत भांडलो आणि पगडी घरातच शिकलो. इथे मात्र बाप कॅनडात, नाहीतर सकाळी सातला ड्युटीवर. पोरगा दहावीपर्यंत पटक्यावर, म्हणजे डोक्याला घट्ट बांधायच्या छोट्या फडक्यावर काढतो आणि मग व्हिडिओ बघून बांधायला जातो. त्यात उजवं-डावं उलटं दिसतं, वळसे भलत्याच बाजूने बसतात, आणि ती सवय मोडण्यात माझा वेळ जातो. काही जण तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 129 मुळे पगडीवाल्याला हेल्मेट माफ आहे एवढ्यासाठीच येतात. त्यांना शिकवताना मला कंटाळा येतो, लपवत नाही.

गेल्या हिवाळ्यात एक मुलगा आला. केस बारीक कापलेले. बहिणीच्या लग्नात पगडी स्वतःच्या हाताने बांधायची म्हणाला. सोबत आजोबा होते. फी त्यांनी भरली आणि नातवाकडे पाठ करून बसले.

जुडा, म्हणजे डोक्यावरचा केसांचा अंबाडा नसेल तर पगडीला आतून आधार मिळत नाही. आधी पटका गुंडाळून खोटा जुडा करायचा, त्यावर फिफ्टी, म्हणजे पगडीखाली कपाळाशी दिसणारी कापडाची पट्टी, आणि मग खरं काम. कटडा जैमल सिंगच्या कापडबाजारातून त्याने सात मीटर फुल व्हॉइल, पगडीचं तलम सुती कापड, आणलं होतं, ललाऱ्याकडून, म्हणजे रंगाऱ्याकडून बहिणीच्या लेहेंग्याच्या रंगात रंगवून. ते मधोमध कापून दोन्ही तुकडे लांब कडेने एकमेकांना जोडून शिवले की दुप्पट रुंदीची डबल पट्टी होते. तिची पूनी करायला दोन माणसं लागतात: दोघांनी टोकं धरायची, किंचित ओलं कापड ताणायचं आणि एकसारख्या घड्या घालत जायचं. पुढे कोणाला जमणार आणि कोणाला नाही, ते मला इथेच कळतं. बहुतेक जण रस्सीखेच खेळल्यासारखं ओढतात. या पोराने कापड ओढलं नाही, माझ्या हाताचा ताण ओळखून तेवढाच ताण ठेवला. मग टोक दातात धरून लड, म्हणजे पगडीचे एकावर एक थर, चढवायला लागला. एक डावीकडून तिरका, एक उजवीकडून, प्रत्येक लड खालच्यापेक्षा बोटाच्या पेराएवढा वर. सलाईने, म्हणजे पगडीच्या सळईने कडा सारख्या केल्या तेव्हा वर्गातली केशधारी मुलं स्वतःच्या पगड्या सोडून बघत उभी होती.

एका पालकांनी मला बाजूला घेतलं. "तुमच्याकडे मोनेही शिकतात?" मोने म्हणजे केस कापलेले शीख. आमच्यातले वडीलधारे उस्तादही त्याच मताचे: 1699 च्या बैसाखीला गुरूंनी खालसा पंथ सजवला, केश हा पाच ककारांतला, खालशाच्या पाच खुणांतला पहिला, पगडी त्या केसांसाठी, केसच नाहीत तर झाकायचं काय? याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. पण शिकवणं मी थांबवलं नाही. उस्तादांचे स्वतःचे केशधारी शिष्य टोपीसारखी तयार पगडी घालून फिरतात, त्यावर ते चकार शब्द काढत नाहीत.

लग्नात त्याने स्वतःची तर बांधलीच, अर्ध्या पाहुण्यांच्याही बांधल्या. आता त्याला लग्नांची कामं मिळतात, काही मीच पाठवतो. केस अजून कापलेलेच आहेत.

परवा आजोबा एकटेच आले, काखेत पांढरी मलमल. पूनीला दुसरं टोक धरा म्हणाले.

"बाऊजी, घरी नातू आहे ना?"

"त्याने केस ठेवले की त्याच्याकडून करून घेईन."

मी टोक धरलं. त्यांची पकड थेट त्या पोरासारखी, ताण तसाच. हे त्यांना बोलून दाखवलं, तर म्हणाले, "घडी सरळ घाल." पैसे घेतले नाहीत. पुढच्या वेळी आधी फोन करून या, असं मात्र बजावलंय. त्या दिवशी टोक धरायला नातवालाच बोलावणार आहे, मग दोघं काय भांडायचं ते भांडोत.