सिम्प्सन वाळवंट: फ्रेंच लाइनने जाणाऱ्यांसाठी काही कटू माहिती

ऑस्ट्रेलियातील सिम्प्सन वाळवंट गाडीने ओलांडण्याविषयी निघण्यापूर्वी आम्ही जे काही वाचले आणि ऐकले, त्या सगळ्याचा भर एकाच जागेवर होता: प्रवासाच्या अगदी शेवटी, बर्ड्सव्हिल गावाच्या अलीकडे सुमारे ३५ किलोमीटरवर लागणारी ‘बिग रेड’ ही ४० मीटरच्या आसपास उंचीची वाळूची टेकडी. छायाचित्रे तिची, सल्ले तिच्याबद्दल आणि बढायाही तिच्याच. प्रत्यक्षात बिग रेडने आमचा अर्धा तासही घेतला नाही. फ्रेंच लाइन नावाच्या वाटेने मात्र गाडीचा एक शॉक अब्सॉर्बर, सर्वांच्या पाठी आणि सहप्रवाशांमधले बरेचसे सौजन्य संपवले. त्यामुळे या वृत्तांतात फ्रेंच लाइनला मिळालेली जागा कोणाला अवाजवी वाटली, तरी ती मी मुद्दामच दिलेली आहे.

वाचणाऱ्याला फोर-व्हील ड्राइव्ह गाडी वाळूत चालवण्याची सवय आहे आणि फावडे, एअर कॉम्प्रेसर, ट्रॅक्शन बोर्ड (रुतलेल्या चाकाखाली घालायच्या फळ्या), दोर व सॅटेलाइट फोन या वस्तू त्याच्याकडे आहेत, असे मी गृहीत धरतो. ज्याच्याकडे त्या नाहीत, त्याने हा बेत तूर्त पुढे ढकलावा. वाळवंटाच्या पश्चिम कडेचा इंधनाचा शेवटचा थांबा असलेले माउंट डेअर सोडल्यानंतर बर्ड्सव्हिलपर्यंत सुमारे ५०० किलोमीटर इंधन, दुकान किंवा मोबाइलचे नेटवर्क यांपैकी काहीही नाही.

या वाळवंटाची रचना समजल्याशिवाय पुढचा त्रास समजणार नाही. इथे अकराशेहून अधिक वाळूच्या टेकड्या वायव्येकडून आग्नेयेकडे एकमेकींना समांतर पसरलेल्या आहेत, आणि पश्चिमेकडून पूर्वेकडे जाणाऱ्याला त्या एकामागून एक आडव्या ओलांडाव्या लागतात. त्यांचा पश्चिमेकडचा उतार सौम्य आणि पूर्वेकडचा तीव्र असल्यामुळे प्रवास पश्चिमेकडूनच करावा, हा प्रचलित सल्ला अगदी बरोबर आहे. पूर्वेकडे जाताना टेकड्यांची उंची वाढत जाते, हेही खरे. मात्र यावरून ‘सुरुवात सोपी आणि शेवट अवघड’ असा जो निष्कर्ष काढला जातो, तो साफ चुकीचा आहे, आणि नेमक्या त्याच निष्कर्षावर आमच्या दिवसांची आखणी बेतलेली होती.

डॅलहाउसी स्प्रिंग्ज येथील गरम पाण्याच्या तळ्याबद्दल इतरांनी पुष्कळ लिहिलेले आहे. पाणी ३४ ते ३८ अंश सेल्सिअस असते, पोहायला सुखद आहे, एवढे पुरे. तिथून पर्नी बोअर या विंधन विहिरीपर्यंतचा सत्तरेक किलोमीटरचा रस्ताही साधा आहे. खरा प्रश्न पर्नी बोअरनंतर सुरू होतो.

फ्रेंच लाइन ही १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला एका फ्रेंच तेल कंपनीने भूगर्भातील तेलाचा शोध घेण्यासाठी सरळ रेषेत काढलेली वाट आहे. ती काढणाऱ्यांना पर्यटकांच्या सोयीशी काही कर्तव्य नव्हते. वाट टेकड्यांना वळसा घालत नाही, पट्टीने रेघ ओढावी तशी त्यांच्या अंगावरून जाते. तिच्यावरच्या टेकड्या उंच नाहीत. कित्येक टेकड्या तर आठ-दहा मीटरच्याच असतील. परंतु त्यांच्या चढावर, माथ्याच्या जरा अलीकडे, चाकांनी उकरलेल्या खोल खळग्यांच्या ओळी तयार झालेल्या आहेत. डावीकडचा खळगा उजवीकडच्या खळग्यासमोर येत नाही, मागे-पुढे येतो. त्यामुळे गाडीचे समोरासमोरच्या कोपऱ्यांतले एक पुढचे आणि एक मागचे चाक एकाच वेळी हवेत उचलले जाते आणि उरलेली दोन चाके भार घेऊन खाली बसतात. तिरके धरलेले आप्पेपात्र डोळ्यांसमोर आणावे, म्हणजे त्या चढाची कल्पना येईल.

हे खळगे वाऱ्याने झालेले नाहीत. ते टायरमध्ये भरपूर हवा ठेवून वेगाने चढ घेणाऱ्यांनी आणि मागे ट्रेलर ओढून आणणाऱ्यांनी केलेले आहेत. कडक टायर वाळूवर पकड घेत नाही, गाडी उड्या मारते, प्रत्येक उडीनंतर चाक एकाच जागी फिरते आणि थोडी वाळू उकरते. मागून येणारी गाडी त्याच जागी उडी मारते आणि खळगा आणखी खोल होतो. हंगामात हे शेकडो गाड्यांच्या बाबतीत घडते. या वाळवंटात ट्रेलर आणू नये, असे इथल्या राष्ट्रीय उद्यानाचे प्रशासन आणि अनुभवी चालक आग्रहाने सांगत असताना लोक तो आणतात, अर्ध्या चढावर अडकतात आणि मागच्या प्रत्येकाचा तासभर वेळ खातात. आम्हाला असे अडकलेले ट्रेलर दिसले आणि त्यांच्या मालकांबद्दल माझ्या मनात अजूनही सहानुभूती नाही.

अशा चढावर वेग उपयोगी पडत नाही. ‘जोर धरून चढा’ हा सल्ला मऊ, अखंड वाळूसाठी ठीक आहे. खळग्यांच्या चढावर तो गाडी मोडण्याचा मार्ग आहे. टायरमधली हवा पर्नी बोअरलाच १८ पीएसआय (हवेच्या दाबाचे एकक) पर्यंत उतरवावी आणि पहिल्या दोन-चार टेकड्यांवर गाडी कुरकुरली, तर संकोच न करता १५ पर्यंत आणावी. लो-रेंजमध्ये (फोर-व्हील ड्राइव्हच्या कमी वेगाच्या, जास्त जोराच्या गिअरसंचात) दुसऱ्या गिअरवर, रांगत म्हणावे अशा वेगाने, एकेक चाक खळग्यात उतरू देत चढावे. मागच्या डिफरन्शिअलला लॉक (मागची दोन्ही चाके एकत्र फिरवणारी सोय) असेल, तर ते चढ सुरू होण्यापूर्वी लावावे, अडकल्यानंतर नाही. जमले नाही तर सरळ मागे, आपल्याच चाकोरीतून, खाली यावे. चढावर गाडी आडवी वळवण्याचा प्रयत्न कोणत्याही परिस्थितीत करू नये, कारण उलटणाऱ्या गाड्या अशाच उलटतात. आणि दोर लावण्याची वेळ आली, तर तो टो बॉलला, म्हणजे ट्रेलर जोडायच्या गोळ्याला, कधीही लावू नये. ताणाखाली तुटून सुटलेला तो लोखंडी गोळा जीव घेतो.

या पद्धतीने ताशी सरासरी वेग १५ ते २० किलोमीटर पडतो. नकाशावर ‘आज दीडशे किलोमीटर’ असे लिहिणाऱ्याला दुपारपर्यंत त्यातला तिसरा हिस्साही दिसणार नाही. संध्याकाळी गाडीतून उतरताना माणसे कमरेवर हात ठेवून उभी राहत, कोणी कोणाशी बोलत नसे आणि सूर्य मावळण्यापूर्वी तंबू लागला तर तो दिवस चांगला म्हणायचा. मी हे थकलेल्या अवस्थेतल्या टिपणांवरून लिहितो आहे, हे मान्य आहे. परंतु त्या टिपणांतला एक शब्दही मला आता सौम्य करावासा वाटत नाही.

यावर उपाय आहे, आणि तो आम्हाला समोरून आलेल्या एका वृद्ध जोडप्याने सांगितला. फ्रेंच लाइनवरून पूर्वेकडे जाताना कोल्सन ट्रॅक लागतो. त्याने दक्षिणेला उतरून डब्ल्यूएए लाइन पकडावी. ही वाट फ्रेंच लाइनला साधारण समांतर आहे, वर्दळ कमी असल्यामुळे तिच्या टेकड्या तितक्या उकरलेल्या नाहीत. वाळू अधिक मऊ आहे, काही माथे दुसऱ्या प्रयत्नात चढावे लागतात. पण मऊ वाळूत अडकणे आणि खळग्यांत आपटणे यांतली निवड करायची असेल, तर मी दर वेळी अडकणे निवडीन. पुढे नॉल्स ट्रॅकने उत्तरेला येताना अप्रोडिना अटोरा नॉल्स या जिप्समच्या दुर्मीळ टेकड्या लागतात आणि मग पुन्हा फ्रेंच लाइन. ज्यांना वेळ आणि इंधन दोन्ही मुबलक आहे, त्यांनी आणखी दक्षिणेची रिग रोड घ्यावी. ती सर्वांत लांब पण पूर्वी अवजड यंत्रांसाठी बांधलेली असल्यामुळे सर्वांत सोपी समजली जाते. संपूर्ण फ्रेंच लाइन केवळ ‘केली’ असे सांगण्यासाठी करण्यात काहीही अर्थ नाही.

इंधनाचा हिशेब नकाशावरच्या किलोमीटरवर करू नये. पक्क्या रस्त्यावर १०० किलोमीटरला १२ लिटर डिझेल घेणारी आमची गाडी वाळूत १८ ते २० लिटर घेत होती. डब्ल्यूएए लाइनचा वळसा आणि मागे फिरावे लागण्याची शक्यता धरता डिझेल गाडीसाठी दीडशे लिटर सोबत असावे; पेट्रोलच्या गाडीला याहून बरेच जास्त लागते. माउंट डेअरचा दर पाहून टाकी अर्धी ठेवण्याची काटकसर करू नये, तिथवर टँकर कोणत्या रस्त्याने येतो हे आपण नुकतेच पाहिलेले असते. पेट्रोलच्या गाडीवाल्यांनी आणखी एक काळजी घ्यावी: वाटेच्या मधल्या उंचवट्यावर वाढलेल्या स्पिनिफेक्स गवताच्या काड्या गाडीखाली तापलेल्या एक्झॉस्टजवळ साठतात आणि पेट घेतात. प्रत्येक थांब्यावर वाकून खाली पाहावे आणि रेडिएटरवरचे बीही झाडावे.

लाल झेंडा हा सोपस्कार नव्हे. जमिनीपासून साडेतीन मीटर उंच पोहोचणारा झेंडा गाडीवर लावणे बंधनकारक आहे, कारण माथ्यापलीकडून येणारी गाडी दिसतच नाही. तिचा झेंडा तेवढा दिसतो. गाड्यांनी एकमेकींशी बोलण्याचा यूएचएफ रेडिओ १० क्रमांकाच्या चॅनेलवर ठेवावा आणि आपल्या गाड्या किती, कोणत्या दिशेने निघाल्या, हे अधूनमधून सांगत राहावे.

पोपेल कॉर्नर येथे साउथ ऑस्ट्रेलिया, क्वीन्सलँड आणि नॉर्दर्न टेरिटरी यांच्या सीमा मिळतात. ऑगस्टस पोपेल या सर्वेक्षकाने १८८० मध्ये इथे खांब रोवला, तो एका खाऱ्या तळ्यात. नंतर असे आढळले की त्याची मोजणीची साखळी वापरून वापरून एक इंच लांब झाली होती, आणि खांब सरकवावा लागला. या वाळवंटात अंतराने फसवलेली आमचीच मंडळी पहिली नव्हेत, हे वाचून थोडे बरे वाटले. त्याहून बोलके उदाहरण रेग स्प्रिग यांचे आहे. १९६२ मध्ये मोटारीने हे वाळवंट प्रथम ओलांडले ते या भूगर्भशास्त्रज्ञाने, आणि तेही पत्नी व दोन लहान मुलांना बरोबर घेऊन. तेव्हा या टेकड्यांवर एकही खळगा नव्हता, हे त्यांच्या धाडसाबद्दल पूर्ण आदर राखून नमूद करावेसे वाटते.

पोपेल कॉर्नरच्या आसपासची खारी तळी कोरडी दिसली तरी रुळलेली चाकोरी सोडू नये. वरचा पापुद्रा फुटला की खाली चिखल असतो, आणि तिथे गाडी बांधण्यासाठी झाडही नसते. पाऊस झाला असेल तर तळे सुकेपर्यंत थांबावे. पोपेल कॉर्नरनंतर लागणाऱ्या, क्वीन्सलँडमधल्या क्यूएए लाइन या वाटेवर टेकड्या उंच होतात, त्यांच्यामधले सपाट पट्टे रुंद होतात आणि खळगे कमी होतात. हा भाग आनंदाचा आहे. त्याविषयी सांगण्यासारखे फारसे काही नाही. वाटेतल्या आयर क्रीक या ओढ्याला पाणी असेल तर लांबचा वळसा घ्यावा लागतो, त्याची चौकशी निघण्यापूर्वीच करावी. बिग रेडवर एकाहून अधिक वाटा आहेत, पश्चिमेकडून चढताना सोपी वाट निवडण्यात कमीपणा नाही. माथ्यावर आम्ही सगळेच जण उगाचच ओरडलो, एवढे कबूल करतो.

हंगामाबाबत तडजोड नाही. साउथ ऑस्ट्रेलियाच्या बाजूचे उद्यान उन्हाळ्यामुळे १ डिसेंबर ते १५ मार्च बंदच असते. जून ते ऑगस्ट हे महिने उत्तम, मात्र रात्री पारा शून्याखाली जाऊ शकतो. जुलैमधील बिग रेड बॅश हा संगीत महोत्सव आणि सप्टेंबरमधील बर्ड्सव्हिलच्या घोड्यांच्या शर्यती यांच्या आगेमागे जाऊ नये. गर्दी आणि ताजे खळगे दोन्ही तेव्हाच सर्वाधिक असतात. साउथ ऑस्ट्रेलियासाठी डेझर्ट पार्क्स पास लागतो, क्वीन्सलँडच्या हद्दीत मुक्कामासाठी वेगळा परवाना काढावा लागतो. एकात दुसरा येत नाही.

आता भाड्याच्या गाडीविषयी, कारण सर्वांत मोठा भुर्दंड तिथे बसला. ज्यांच्याकडून आम्ही गाडी घेतली, त्यांच्या जाहिरातीत ‘वाळवंटासाठी सज्ज’ असे ठळकपणे लिहिलेले होते आणि सिम्प्सनचा उल्लेख केल्यावर समोरच्या माणसाने मान डोलावली होती. परतल्यावर त्यांनी कराराचे एक कलम पुढे केले: नाव घेऊन लेखी परवानगी दिलेल्या मार्गांबाहेर गाडी नेल्यास विमा लागू नाही. परिणामी शॉक अब्सॉर्बर, खालच्या बाजूला लागलेले मीठ धुण्याचा खर्च आणि ‘तपासणी शुल्क’ नावाची एक रक्कम मिळून भाड्याच्या जवळपास तिसरा हिस्सा आमच्याकडून अनामतीतून कापून घेतला गेला. शॉक अब्सॉर्बर आमच्या हातून गेला, त्याचे पैसे योग्यच. बाकीचे निव्वळ लुबाडणे होते. त्यामुळे ‘सिम्प्सन डेझर्ट’ आणि ज्या वाटांनी जायचे त्या प्रत्येक वाटेचे नाव करारात लिहून मिळत नसेल, तर ती गाडी घेऊ नये. गाडी ताब्यात घेताना आणि परत करताना तिच्या खालच्या बाजूची छायाचित्रे तारखेसह काढावीत, आणि बर्ड्सव्हिल सोडण्यापूर्वी मीठ स्वतःच धुऊन पावती असल्यास जपून ठेवावी.

बर्ड्सव्हिलहून दक्षिणेला मारीपर्यंतचा ५१७ किलोमीटरचा बर्ड्सव्हिल ट्रॅक धरणार असाल, तर टायरमध्ये हवा गावातच पुन्हा भरावी. वाळूसाठी उतरवलेल्या टायरवर वेगाने गेल्यास त्या रस्त्यावरचे धारदार दगड बाजूची भिंत फाडतात, आणि दोन स्टेपनी त्या टप्प्यावर चैन वाटत नाहीत.