तुम्ही विचारलंत म्हणून : आकडा खरा, पण कशाचा?

‘पेपरात आलेला आकडा खरा की खोटा, हे घरबसल्या कसं ओळखायचं?’ हा प्रश्न वरचेवर येतो. विचारणाऱ्याला संशय असतो तो आकड्याचाच. पण छापलेला आकडा बहुतेक वेळा कुठल्या तरी सरकारी तक्त्यातून जसाच्या तसा उचललेला असतो. घोळ असतो शेजारच्या शब्दांत. आकडा कशाचा, कितीपैकी, कधीपासून मोजलेला, हे बातमी सांगत नाही. अपूर्णांकातला अंश ठळक छापतात आणि छेद गाळतात. म्हणून आधी छेद शोधायचा.

सुरुवात उसापासून करू, कारण आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात दुसऱ्या कुठल्याच आकड्यावरून इतकी वादावादी होत नाही. 2025-26 च्या हंगामासाठी केंद्राची एफआरपी (उसाला द्यायचाच असा किमान दर) क्विंटलला 355, म्हणजे टनाला 3,550 रुपये. समजा एखाद्या कारखान्यानं 3,400 रुपये पहिली उचल, म्हणजे उसाच्या बिलाचा पहिला हप्ता, जाहीर केली आणि मथळा आला, ‘एफआरपीपेक्षा दीडशे कमी’. वजाबाकी बरोबर आहे, तुलना चुकीची. 3,550 हा दर 10.25 टक्के साखर उताऱ्याचा, म्हणजे शंभर किलो उसातून सव्वादहा किलो साखर निघाली तरचा आहे. त्यावरच्या प्रत्येक 0.1 टक्क्याला क्विंटलमागे 3.46 रुपये वाढतात. कारखान्याचा उतारा 12 टक्के असेल तर 1.75 टक्के जास्त, म्हणजे साडेसतरा वेळा 3.46. क्विंटलला 60.55, टनाला 605 रुपये 50 पैसे. एफआरपी झाली साधारण 4,155. पण ही रक्कम तोडणी-वाहतूक धरून आहे आणि जाहीर होणारी उचल ती वजा करून असते. तोडणी-वाहतूक 850 धरा (हा आकडा उदाहरणापुरता, प्रत्येक कारखान्याचा वेगळा). उरले 3,305. म्हणजे ‘दीडशे कमी’वाली उचल प्रत्यक्षात 95 रुपये जास्त निघते. उलटंही होतं. उतारा आणखी चढा असेल आणि तोडणी-वाहतूक कमी असेल, तर 3,600 जाहीर करूनही कारखाना देणं लागू शकतो.

तेव्हा ऊसदराची बातमी वाचताना तीन गोष्टी जवळ हव्यात : उतारा, तो कोणत्या हंगामाचा, आणि कपात किती. उतारा मागच्या हंगामाचा धरायचा की चालू, यावरून वाद न्यायालयापर्यंत गेलेला आहे, त्यामुळे हा तपशील किरकोळ समजू नका. इथेनॉलकडे वळवलेली साखर उताऱ्यात धरली की नाही, हेही विचारायला हवं. यातलं काहीच बातमीत नसेल तर दोन कारखान्यांचे दर शेजारी छापून ‘कोण पुढे’ ठरवण्यात अर्थ नाही.

आता टक्के. दहावीचा राज्याचा निकाल 2024 साली 95.81 टक्के होता, 2025 साली 94.10. ‘निकाल 1.71 टक्क्यांनी घसरला’ असं वाचलं की फारसं काही वाटत नाही. त्याच निकालाची दुसरी बाजू पाहा. नापासांचं प्रमाण 4.19 वरून 5.90 वर गेलं. 5.90 भागिले 4.19 करा, 1.41 येतं. म्हणजे ‘नापासांचं प्रमाण 41 टक्क्यांनी वाढलं’ हाही मथळा तितकाच खरा. पहिल्यात दोन टक्केवाऱ्यांची नुसती वजाबाकी आहे, दुसऱ्यात मूळ आकड्याच्या मानानं झालेली वाढ. मराठीत आपण दोन्हींना ‘टक्के’च म्हणतो आणि बातमीदाराला हवा तो निवडायला मोकळीक मिळते. उपाय सोपा आहे. मोबाइलवर आधीचा आणि नंतरचा, दोन्ही आकडे लिहा. नुसता फरक दिला असेल आणि मूळ दोन आकडे नसतील, तर ती बातमी अर्धीच आली असं समजा.

जाता जाता, विभागांच्या क्रमवारीबद्दल. कोकण विभाग वर्षानुवर्षं पहिला येतो, पण त्यात रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे दोनच जिल्हे आहेत. कौतुक जरूर करावं. मुंबई-पुण्याच्या लाखांनी बसणाऱ्या मुलांशी कुस्ती लावताना मात्र दोघं एका वजनगटातले नाहीत एवढं ध्यानात असावं.

महागाईच्या बातमीत छेद वर्षभर मागे लपलेला असतो. ऑक्टोबर 2025 मध्ये किरकोळ महागाईचा दर 0.25 टक्क्यावर आला आणि ‘मग बाजारात काहीच स्वस्त का वाटत नाही?’ म्हणून लोक चिडले. चिडणं रास्त, कारण महागाईचा दर उतरणं आणि भाव उतरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भाज्यांचंच घ्या. ऑक्टोबर 2024 मध्ये त्या आदल्या वर्षीपेक्षा 42.18 टक्क्यांनी महाग होत्या, ऑक्टोबर 2025 मध्ये 27.57 टक्क्यांनी स्वस्त. 42 चढले, 28 उतरले, म्हणजे अजून 14 टक्के महागच, असा हिशेब पुष्कळजण करतात. तोही चूक. 100 ची भाजी 142 झाली; उतरण मोजली ती 142 वर. 142 मधून साडेसत्तावीस टक्के गेले की उरतात 103. दोन वर्षांत भाजी जेमतेम तीन टक्क्यांनी महागली. मधल्या वर्षाच्या उसळीमुळे दोन्ही मथळे मोठे झाले. म्हणून ‘गतवर्षीच्या तुलनेत’ हे शब्द दिसले की आदल्या वर्षाचा आकडाही शोधावा.

गुळाच्या पाडव्याच्या सौद्याला छापतात तो दर त्या दिवशीचा सर्वांत चढा, मुहूर्ताचा. बाजार समितीच्या तक्त्यात किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन दर असतात, शेजारी आवक असते. सर्वसाधारण दर आणि आवक वाचा, किमान-कमाल सोडून द्या.

पावसाळ्यात मात्र चुकीचं वाचन महागात पडतं. राधानगरी धरणाचे सातपैकी दोन स्वयंचलित दरवाजे उघडले की 2,856 क्युसेक (सेकंदाला तितके घनफूट पाणी) सुटतं, एकातून 1,428. कुणीतरी लगेच ‘सेकंदाला 80 हजार लिटर’ असा हिशेब फिरवतं. गुणाकार ठीक आहे, घाबरायचं किती ते त्यातून कळत नाही. एक टीएमसी म्हणजे 100 कोटी घनफूट. दिवसभर सलग 11,574 क्युसेक सोडलं तर एक टीएमसी होतं. त्या हिशेबानं दोन दरवाजांतून दिवसाला पाव टीएमसी जातं. शिवाय हे पाणी फक्त भोगावतीचं. पंचगंगेला मिळणाऱ्या कासारी, कुंभी, तुळशी वेगळ्या. शहरापुरता कामाचा आकडा पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी : 39 फूट इशारा, 43 फूट धोका. तीही एकटी वाचू नये, किती तासांत किती इंच चढली ते पाहावं. पाणी पात्रात असताना एक फूट चढायला जितकं पाणी लागतं, त्याच्या कितीतरी पट पाणी ते शेतांत पसरल्यावर लागतं. म्हणून ‘वाढ मंदावली’ याचा अर्थ ‘येवा (वरून येणारं पाणी) कमी झाला’ असा होईलच असं नाही.

तसंच ‘जिल्ह्यात सरासरी इतके मिलिमीटर’. बारा तालुक्यांत एकीकडे गगनबावडा, जिथं काही हजार मिलिमीटर कोसळतो, आणि दुसरीकडे शिरोळ, जिथं काहीशे. त्यांची सरासरी दोघांच्याही उपयोगाची नाही. शिरोळला पूर येतो तो बऱ्याचदा तिथं पाऊस नसतानाच.

राहिली सर्वेक्षणं. 1 भागिले विचारलेल्या माणसांच्या संख्येचं वर्गमूळ, एवढा आकडा ढोबळमानानं वर-खाली होऊ शकतो. हजार माणसं विचारली तर वर-खाली तीन टक्के, शंभर विचारली तर दहा. राज्यभरात 3,600 जणांना विचारलेल्या पाहणीतून ‘कोल्हापूरकरांचा कौल’ काढला असेल, तर 36 जिल्ह्यांच्या हिशेबानं आपल्या वाट्याला शंभरेक माणसं आली. तिथं 48 विरुद्ध 44 म्हणजे बरोबरीच. आणि हे गणित लागू पडतं ते चिठ्ठ्या टाकून माणसं निवडली असतील तेव्हा. वाहिनीच्या पडद्यावर ‘हो’ किंवा ‘नाही’ दाबायला सांगून लाखभर मतं गोळा केली, तर वर्गमूळ काढत बसू नका. ज्यांना दाबावंसं वाटलं त्यांनी दाबलं, एवढंच त्यातून कळतं.