दोराच्या टोकाला दहा मिनिटं : पॅरासेलिंगला जाताना

उष्ण प्रदेशातल्या किनाऱ्यावर सुट्टीला गेलं की पहिल्याच सकाळी नजर वर जाते. निळ्या पाण्यावर एक रंगीत छत्री, तिच्याखाली लोंबणारे चार पाय आणि खूप खाली, दोराच्या दुसऱ्या टोकाला एक बोट. बघायला सोपं वाटतं, आणि बसणाऱ्यासाठी ते सोपं असतंच. आधी काही शिकावं लागत नाही, अंगात फार ताकद लागत नाही. मात्र एकदा वर गेलं की आपल्या हातात काही उरतही नाही. छत्री वळवता येत नाही, वेग कमी करता येत नाही. जे ठरवायचं ते पाय जमिनीवर असतानाच ठरवायचं. म्हणूनच हे वर्णन हवेपेक्षा किनाऱ्यावर आणि बोटीवर जास्त रेंगाळणार आहे.

पहिला निर्णय वेळेचा. मी नेहमी सकाळची फेरी सुचवतो. रात्रीचे मतलई वारे सकाळी मंदावतात आणि जमीन तापून खारे वारे जोर धरायला दुपार होते. मधल्या काही तासांत वारा एकसारखा असतो, पाणी सपाट असतं. उष्ण प्रदेशात दुपारनंतर जमिनीवर ढग उंच चढतात, आणि खरी भीती त्या ढगांची. पावसाबरोबर ढगातली थंड हवा खाली कोसळते, पाण्यावर आदळून चहूकडे पसरते, आणि तिचा पहिला झोत पावसाच्या कितीतरी पुढे धावतो. किनाऱ्यावर ऊन असतं, पाऊस दूर दिसतो आणि दोन मिनिटांत वारा दुप्पट होतो. बोटीवर चढण्याआधी पाच मिनिटं नुसतं पाण्याकडे बघावं. लाटांचे माथे तुरळक फुटत असतील तर वारा ताशी 12 ते 19 किलोमीटर आहे. जिकडे तिकडे पांढरे तुरे दिसू लागले की तो 20च्या वर गेला. लांबवर पाण्याचा एखादा पट्टा अचानक काळपट आणि खरबरीत दिसला तर तो झोत आपल्याकडे येतोय असं समजावं.

अमेरिकेत फ्लोरिडा राज्याने दोन तरुणींच्या मृत्यूनंतर 2014 मध्ये यासाठी कायदाच केला. सलग वारा ताशी 20 मैल, म्हणजे 32 किलोमीटरच्या वर असेल, झोत ताशी 25 मैलांच्या, म्हणजे 40 किलोमीटरच्या वर जात असतील किंवा झोत आणि सलग वारा यांत 15 मैलांपेक्षा जास्त फरक असेल, तर तिथे छत्री उडवायची नाही. 7 मैलांच्या, म्हणजे साधारण 11 किलोमीटरच्या आत विजांचं वादळ असलं तरी नाही. हे आकडे मनात ठेवावेत, कारण ते कुठल्याही समुद्रावर लागू पडतात. बोटीवर वारा मोजायचं छोटं यंत्र आहे का, हे विचारायला लाजू नये. चांगला कॅप्टन आकडा सांगतो. नुसतं ‘आज वारा मस्त आहे’ एवढंच उत्तर आलं तर मी त्या बोटीत बसणार नाही. विजेसाठी मोजमापाचीही गरज नाही. गडगडाट कानावर आला की त्या दिवसाची फेरी रद्द समजावी.

वाऱ्याला इतकं महत्त्व का, हे एकदा कळलं की बाकी सगळं कळतं. दोघांना उचलून धरायला छत्रीला ताशी साधारण 25 ते 30 किलोमीटरची समोरची हवा लागते. ही हवा दोन ठिकाणांहून मिळते, बोटीच्या वेगातून आणि वाऱ्यातून. समोरून 10चा वारा असेल तर बोटीने 15 ते 20ने पळायचं. 30चा वारा असेल तर बोट जागेवर उभी राहिली तरी छत्री वर राहते. त्याहून जास्त वारा झाला की गणित उलटतं आणि छत्रीच बोटीला मागे ओढू लागते. शिवाय दोरावरचा ताण हवेच्या वेगाच्या वर्गाने वाढतो. 30चे 40 झाले म्हणजे वेग एक-तृतीयांशाने वाढला, पण ताण पावणेदोन पटींच्या वर गेला. अशा वेळी विंच, म्हणजे बोटीवरचं दोर गुंडाळायचं यंत्र, तो आत ओढू शकत नाही, कारण तिची ताकद तेवढी नसते. कॅप्टनला आधी बोट वळवून वाऱ्याच्या दिशेने, छत्रीकडे धावावं लागतं, म्हणजे दोर सैलावतो आणि मग विंच तो ओढून घेते. आणि बऱ्याच बोटींमध्ये विंचचा हायड्रॉलिक पंप इंजिनावरच चालतो. इंजिन बंद पडलं तर विंचही बंद. जोराचा वारा आणि बंद इंजिन, यापेक्षा वाईट जोडी या खेळात नाही.

आता तो दोर. बोटीवर गेल्यावर आधी तोच बघावा. पॅरासेलिंगच्या खास बोटीत मध्यभागी विंचचा ड्रम असतो, त्यावर दोर गुंडाळलेला असतो, आणि तिथून तो पुलीवरून मागच्या सपाट डेककडे जातो. टोकाला आडवा बार असतो. त्याच्या एका बाजूला छत्रीचे पट्टे आणि दुसरीकडे आपले हार्नेस, म्हणजे अंगाला बांधायचे पट्टे, अडकतात. सगळ्यात जास्त झीज होते ती या शेवटच्या काही मीटरची. प्रत्येक फेरीत हाच भाग पुलीवरून जातो, डेकवर घासतो, मीठ खातो, ऊन खातो. जवळून पाहिलं की झिजलेला दोर स्वतःच सगळं सांगतो. वरचे तंतू कापसासारखे फुललेले असतात, कुठे बोटाला कडक, चकचकीत, वितळल्यासारखा ठिपका लागतो, कुठे जाडी कमी झालेली असते. मिठाचे कण पिळांमध्ये शिरून आतून वाळूच्या कागदासारखं काम करतात. टोकाला गाठ असते, बहुतेक वेळा बोलाइन. सोडायला सोपी आणि भरवशाची गाठ आहे ही, पण कुठल्याही गाठीत दोर तीव्र वळतो आणि त्या वळणाच्या बाहेरच्या तंतूंवर सगळा भार येतो. गाठ मारलेला दोर त्याच्या मूळ ताकदीचा बराच हिस्सा गमावतो, आणि तुटतो तेव्हा बहुधा गाठीपाशीच. म्हणून जाणकार लोक टोकाचा तुकडा ठरावीक दिवसांनी कापून टाकतात, नव्याने गाठ मारतात आणि त्याची वहीत नोंद ठेवतात. ‘दोराचं टोक शेवटचं कधी कापलं?’ हा प्रश्न विचारावा. ज्याला उत्तर तोंडपाठ असतं, त्याचं बाकीचं सामानही सहसा नीट असतं.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने, एनटीएसबीने, 2014 मध्ये पॅरासेलिंगच्या अपघातांचा खास अहवाल काढला. त्यातही धोकादायक वारा आणि खराब किंवा अपुरी सामग्री हीच कारणं पुढे आली. म्हणजे उंचीने माणूस मरत नाही. वारा आणि दोर यांकडे दुर्लक्ष झालं की जीव जातो.

उंचीच्या जाहिरातीबद्दलही एक गोष्ट. ‘800 फुटांची राइड’ म्हणतात तेव्हा ती दोराची लांबी असते. दोर आडव्या पाण्याशी 40 अंशांचा कोन करत असेल तर 800 फूट दोरावर आपण जेमतेम 510 फुटांवर, म्हणजे दीडशे-एक मीटरवर असतो. दोराला पोट पडतं, त्यामुळे प्रत्यक्षात त्याहूनही थोडे खाली. लांब दोरासाठी जास्त पैसे मोजण्यात मला अर्थ दिसत नाही. 100 मीटरवर दिसणारा समुद्र आणि 150 मीटरवर दिसणारा समुद्र यांत फरक फार थोडा, आणि दोर जितका लांब तितका तो परत घ्यायला वेळ लागतो.

कपड्यांचं थोडक्यात. मांडीच्या मध्यापर्यंत तरी येणारी चड्डी हवी, कारण हार्नेसचे पट्टे मांडीच्या आतल्या बाजूला घासतात. चष्म्याला मागून दोरी, केस घट्ट बांधलेले, अंगठ्या-साखळ्या खोलीवर. टोपी आणि मोकळा मोबाइल बोटीतच. गरोदर असाल, पाठीचा, मानेचा किंवा हृदयाचा त्रास असेल, फिट्स येत असतील किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल तर जाऊ नये, आणि हे फॉर्मवर लपवू नये. बोट लागत असेल तर डॉक्टरांना विचारून गोळी आधीच घ्यावी. हवेत मळमळणं क्वचित होतं. त्रास होतो तो बोट संथ झाली आणि इतरांच्या फेऱ्या बघत बसावं लागलं की.

वजन खरं सांगावं. कुणाला एकटं न्यायचं, कुणाला जोडीने, आणि कोणती छत्री लावायची, हे त्यावरच ठरतं. मंद वाऱ्यात मोठी छत्री, जोराच्या वाऱ्यात लहान. तिघे असतील तर सर्वांत जड माणूस मध्ये आणि दोन्ही बाजूंना सारख्या वजनाचे. नाहीतर बार एका बाजूला झुकतो आणि छत्री सतत तिकडेच ओढ घेते.

आधी लाइफ जॅकेट, त्यावरून हार्नेस. जॅकेटचे खांदे धरून वर ओढून बघावं. ते कानांपर्यंत सरकलं तर सैल आहे. हार्नेसचा रुंद पट्टा कमरेला नाही, मांड्यांखाली यायला हवा, म्हणजे आपण झोपाळ्यात बसल्यासारखे बसतो. पायांच्या पट्ट्याखाली सपाट तळहात जाईल, मूठ जाणार नाही, इतका तो घट्ट. मग खलाशी तुम्हाला मागच्या डेकवर बसवतो. छत्री तोवर फुगून बोटीच्या मागे डोलत असते. दोन्ही बाजूंचे कॅराबिनर, म्हणजे कुलूप असलेल्या धातूच्या कड्या, अडकवले की त्यांची कुलपं फिरली आहेत का ते स्वतः डोळ्यांनी बघून घ्यावं. विंच दोर सोडू लागते आणि डेक पायांखालून हळूच निघून जातो. उडी मारायची नाही, उभं राहायचं नाही. नुसतं बसून राहायचं, हात खांद्यालगतच्या पट्ट्यांवर.

पहिल्या अर्ध्या मिनिटात बोटीचा आवाज विरतो. मग छत्रीच्या दोऱ्यांमधून जाणारा वारा आणि पट्ट्यांची कुरकुर एवढंच ऐकू येतं. ताणलेला दोर बारीक थरथरत असतो, ती थरथर बसण्याच्या पट्ट्यापर्यंत पोचते. ती नेहमीचीच असते. वरून पाण्यावरची चकाकी नाहीशी होते आणि तळ दिसायला लागतो. वाळूचे फिकट पट्टे, प्रवाळाचे गडद डाग, उथळ पाण्यात एखादं कासव. बोट वाऱ्याच्या दिशेने वळली की समोरची हवा कमी होते, छत्री काही मीटर खाली बसते आणि पोटात गोळा येतो. बोट परत वाऱ्याच्या विरुद्ध वळली की ती वर येते. हे माहीत नसेल तर माणूस घाबरून कॅराबिनरकडे हात नेतो, आणि हवेत असताना तिथे हात कधीही न्यायचा नसतो.

दोर तुटलाच तर काय, हे चढण्याआधी माहीत असावं. छत्री कोसळत नाही. ती पॅराशूटसारखी हळूहळू उतरते, पण वाऱ्याबरोबर वाहत. वारा किनाऱ्याकडे असेल तर ती इमारतींकडे आणि तारांकडे जाते, म्हणूनच अशा वाऱ्यात बोटीने किनाऱ्यापासून चांगलं लांब राहायला हवं. पाण्यावर उतरताना गुडघे किंचित वाकवून पाय जुळलेले ठेवायचे. पाणी लागल्यावरच, सांगितलेल्या पद्धतीने हार्नेस सोडायचा आणि दोऱ्यांपासून दूर पोहायचं. छत्री डोक्यावर पडली तर हाताने कापड वर ढकलून श्वासापुरती जागा करायची आणि कापडावरची एकच शिवण धरून काठापर्यंत जायचं. एकच, कारण दिशा बदलत राहिलं तर माणूस कापडाखाली गोल फिरत राहतो.

काही किनाऱ्यांवर विंचची बोट नसते. वाळूवरून चार पावलं धावत उडवतात आणि वाळूवरच उतरवतात. 1961 मध्ये फ्रान्सच्या पिएर-मार्सेल लमुआन्यने ओढून वर नेता येईल अशी छत्री तयार केली, तेव्हा शिकाऊ पॅराशूटिस्टांना विमानाशिवाय उंची मिळावी हा उद्देश होता, आणि वाळूवरचं उड्डाण त्या काळाच्या जास्त जवळचं आहे. पण यात दोर गुंडाळून आपल्याला खाली आणता येत नाही. शिट्टी वाजली की एका बाजूचा पट्टा ओढून वळायला सांगतात. उतरायची जागा झाडं, खांब आणि माणसांनी वेढलेली असेल तर हा प्रकार मी कुणालाही सुचवणार नाही. एखादा माणूस हार्नेसशिवाय वरच्या दोऱ्यांवर बसून सोबत येणार असेल, तर तिथून सरळ निघून यावं.

विंचच्या बोटीवर परतणं मात्र सुखाचं. बोट वेग कमी करते, दोर आत येऊ लागतो. पाय पाण्यात बुडवून घ्यायचे असतील तर ते वर जाण्याआधीच सांगून ठेवावं. डेक जवळ आला की पाय पुढे उचलून धरायचे आणि उतरताना आपोआप बसतं व्हायचं. पाय खाली सोडले तर डेकच्या कडेवर घोटा आपटतो. या खेळात सर्वाधिक दिसणारी किरकोळ दुखापत मला हीच वाटते. कॅराबिनर खलाशीच काढतो. तो काढेपर्यंत छत्रीची ओढ अजून असते, म्हणून उठायची घाई करू नये. मग डेकवरून सरकत पुढे यावं, कठडा धरून बसावं, नजर क्षितिजावर ठेवावी, आणि पुढची जोडी वर जाताना ड्रमवरून सुटणारा दोर बघत राहावा.