इंजिनाच्या दारावरचा फिकट डाग

आमच्या खानापूरच्या घरात मीटर गेजच्या काळातला एक कृष्णधवल फोटो आहे. लोंढ्याच्या यार्डात उभं असलेलं वायपी जातीचं वाफेचं इंजिन आणि शेजारी डोक्याला फडकं बांधलेले आजोबा. मिरज-लोंढा मार्ग १९९० च्या दशकात ब्रॉडगेज झाला, तेव्हापासून तिथं असलं इंजिन दिसायचं नाव नाही. फोटो स्कॅन करायला बेळगावात नेला, तर स्टुडिओवाला बघताक्षणी म्हणाला, "बराच खराब झालाय, सगळं भरून देतो."

त्याच्या मते खराबी तीन ठिकाणी होती: आडवी गेलेली पांढरी रेघ, इंजिनाच्या पुढच्या गोल दाराच्या तळाशी चंद्रकोरीएवढा फिकट पट्टा, आणि त्याखालचा बफर बीम, म्हणजे इंजिनाच्या तोंडाशी असलेली आडवी तुळई, जो जळल्यासारखा काळाकुट्ट दिसत होता. म्हटलं, आधी फोटो खराब झालाय की इंजिन, ते तरी बघू.

रेघेचा निकाल लगेच लागला. ती बॉयलरवरून निघून झाडात शिरते आणि तिथून आभाळात जाते. लोखंडाचा तडा आभाळात कसा जाईल? बॅटरी तिरपी धरली तर रेघेत आतला कागद उघडा दिसतो. फोटो कधीतरी घडी घालून ठेवला असणार. कडेच्या गडद भागांवर निळसर चकाकीही येते, ती फोटोतली चांदी पृष्ठभागावर आल्याची. आमच्याकडचा पावसाळा असा की त्यात नवल नाही.

दाराचा पट्टा मात्र अडून बसला. बुरशी म्हणावी, तर पृष्ठभाग गुळगुळीत. ओरखडा म्हणावा, तर भिंगाखाली कागद शाबूत. शिवाय पट्टा दाराच्या कडेपाशी नेमका थांबतो, बाहेर केसभरही जात नाही. बुरशीला दाराची कड कुठली कळायला!

गल्लीतले एक काका लोंढ्याला फायरमन, म्हणजे इंजिनाच्या भट्टीत कोळसा घालणारे, होते. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि हसले. "फोटूत काय शोधूलायस? दार जळलंय की ते!"

मग त्यांनी उलगडून सांगितलं. सिलिंडरमधली वापरलेली वाफ धुराड्यातून जोरात वर जाते, त्यामुळं स्मोकबॉक्समध्ये, म्हणजे त्या गोल दारामागच्या धुराच्या पेटीत, ओढ तयार होते. त्याच ओढीनं भट्टीतला जाळ नळ्यांमधून पुढं येतो. दार घट्ट बसलं नाही, तर फटीतून बाहेरची हवा आत घुसते. तळाला अर्धवट जळलेल्या कोळशाची चुरी साठलेली असते, ती हवा लागली की पेटते. दाराचा खालचा भाग तापून रंग उडतो, पत्रा राखाडी पडतो. तिकडं भट्टीची ओढ कमी होते आणि वाफ धरता धरता फायरमनचा घाम निघतो. "असलं इंजिन वाट्याला आलं की घाटात देव आठवायचा," काका म्हणाले.

"मग बीमपण जळलाय काय?"

"छे, तो लालभडक असायचा."

लाल म्हटल्यावर उरलेलं कोडं मला सोडवता आलं. जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल रंग जवळजवळ दिसतच नाही, म्हणून तर ती लाल दिव्यात धुता येई. लाल वस्तू तिच्यावर काळी उमटते. फोटो तसल्या फिल्मवरचा असेल, तर बीमला काहीच झालेलं नाही.

स्टुडिओवाल्याकडून घडीची रेघ तेवढी भरून घेतली, दाराला हात लावू दिला नाही. काम कमी झालं म्हणून तो जरा खट्टू झाला, पैसे मात्र पूर्ण घेतले.